पांढरी झाडं

"...पण तिला सांगितलंत आणि मला नाही, असं नेमकं काय होतं ते, सर?"

परुळेकर सर पडवीत बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला नाही.

"पाणी घेतलंस?"

"पाणी नको, सर. उत्तर हवंय."

"कोल्हापुराहून घाट उतरून आलास. आधी पाणी घे."

सारंग ढवळेनं तांब्या उचलला, घटाघटा प्यायला आणि पुन्हा तिथंच येऊन उभा राहिला.

मुकुंद परुळेकरांनी मुंबईच्या एका कला महाविद्यालयात उभी हयात फोटोग्राफी शिकवली. निवृत्त झाल्यावर ते धामापूरच्या तळ्याजवळ आपल्या गावी येऊन राहिले. शिकणारे तिथंही येत. चार दिवस राहत, फोटो काढत, सरांच्या हातची पेज जेवत आणि जात.

त्यांतला सगळ्यात जुना सारंग. कोल्हापुरात त्याचा स्टुडिओ होता. घरात लग्न निघालं की लोक आधी ढवळ्यांची तारीख घ्यायचे, मग कार्यालयाची.

मिथिला तोरसकर त्याच्या कितीतरी मागून आली. कॅमेरा कसा धरायचा हे तिला सारंगनंच शिकवलं होतं. ती त्याला दादा म्हणायची.

आणि यंदा मुंबईतल्या एका मोठ्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं ते मिथिलाच्या फोटोला.

फोटो याच तळ्याचा. पाणी काळंभोर, आभाळ त्याहून काळं, आणि काठावरची सगळी झाडं पांढरीशुभ्र. चांदण्यातली म्हणावीत, तर सावल्या भर दुपारच्या.

सारंगनंही त्या प्रदर्शनाला फोटो पाठवला होता. तो निवडला गेला नाही.

"तो इन्फ्रारेड आहे," सर म्हणाले.

"ते कळतं मला. म्हणून तर हा आणलाय."

सारंगनं पिशवीतून कॅमेरा काढला. त्याचाच, लग्नांमध्ये वापरून कडा झिजलेला. तांबड्या रंगाच्या पलीकडे एक उजेड असतो, तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसला असता, पण आतल्या सेन्सरपुढं एक काच बसवलेली असते, ती तो अडवते. सारंगनं पुण्यात एका कारागिराकडून ती काच काढून घेतली होती आणि तिच्या जागी दुसरी बसवली होती. आता या कॅमेऱ्याला फक्त तो न दिसणारा उजेड दिसत होता. नेहमीचा दिसत नव्हता.

"म्हणजे लग्नाला हा आता गेला," सर म्हणाले.

"गेला."

"तुझा आवडता होता."

सारंगनं कॅमेऱ्याची झिजलेली कड अंगठ्यानं पुसली.

"दाखव, काय काढलंस."

सारंगनं पडदा त्यांच्यापुढं धरला. एक फोटो, दुसरा, तिसरा... सगळे लालभडक. झाडं लाल, पाणी लाल, आभाळ लाल. कुंकवाचा करंडा सांडल्यासारखे.

सर हसले. सारंगला ते हसणं झोंबलं.

"केव्हा काढलेस?"

"सकाळी. सूर्य उगवताना. आणि संध्याकाळी. तुम्हीच शिकवलंय, कोवळ्या उन्हात काढावेत म्हणून."

"ते दिसणाऱ्या उजेडाचं. याच्यासाठी दुपारी निघ. डोक्यावर ऊन तापलं, की इतर फोटोग्राफर सावलीत जातात, तेव्हा."

"तिला हेच सांगितलंत?"

"हेच."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही. झोप आता थोडा."

दसरा होऊन गेला होता. पावसानं धुतलेलं आभाळ, पानापानावर तुकतुकी आणि अंग भाजणारं ऊन. दुसऱ्या दिवशी सर त्याला माळावर घेऊन गेले आणि उन्हातल्या गवतापुढं उभं केलं.

"कॅमेऱ्याला सांग, हे पांढरं आहे."

"हे तर हिरवं आहे, सर."

"त्याला नाही ठाऊक. तू सांगशील ते तो धरेल. गवताचा एक फोटो काढ आणि व्हाइट बॅलन्स त्यावर बसव."

सारंगनं तसं केलं. मग कॅमेरा वळवून समोरच्या आंब्याचा फोटो काढला.

पडद्यावर आंबा पांढरा आला. पान न् पान पांढरं. मागचं आभाळ काळपट तपकिरी.

नवीन शिकणाऱ्याला होतो तसा आनंद सारंगच्या तोंडावर आला. सरांनी तो पाहिला.

आणि लगेच तो गेला.

"तिलाही असंच गवतापुढं उभं केलं होतंत?"

"इथंच."

"पहिल्याच फटक्यात जमलं तिला?"

"नाही. कॅमेरा माझ्याकडं वळवून बसली. माझी दाढी हिरवी करून ठेवली."

सारंगला हसू आलं नाही.

पुढचे दिवस असेच गेले. सर सांगत, तो करत. बाहेर दिसतं त्याच्या भरवशावर फोकस करू नकोस, या उजेडाचा फोकस जरा वेगळ्या जागी पडतो, पडद्यावर मोठं करून बघ. ही लेन्स वापरू नकोस, हिच्यात फोटोच्या मधोमध पांढरट डाग येतो, दुसरी लाव. सूर्य पाठीशी घे. सरांनी काहीच राखून ठेवलं नाही. तरी प्रत्येक वेळी सारंगचा प्रश्न एकच.

"हे तिला सांगितलंत?"

"सांगितलं."

"तेव्हा आणखी काहीतरी सांगितलं असेल."

"नाही रे."

"आठवून बघा ना, सर..."

सर आठवून बघत. मग मान हलवत.

जेवताना सारंग ताटाशेजारी फोन ठेवायचा. त्यावर तिचा फोटो. घास तोंडात असायचा आणि बोट त्या फोटोवर. मोठा करून बघायचा, कोपरे बघायचा. भाजीत मीठ कमी होतं एकदा. त्याला कळलंही नाही.

मिथिला कुठं उभी राहिली असेल, हे त्यानं शोधून काढलं. देवळाच्या पायऱ्यांपासून जरा पुढं, पाण्यात वाकलेल्या एका उंबराजवळ. तिथला दगडही सापडला, ज्यावर तिनं स्टँड लावला असेल. सारंगनं तिथंच स्टँड लावला. तीच वेळ धरली. तशीच लेन्स. ढग हवे तिथं येईतो घाम पुसत उभा राहिला.

फोटो आला. काळं पाणी, काळं आभाळ, पांढरी झाडं.

धावतच तो घरी आला आणि पडवीत सरांपुढं कॅमेरा ठेवला.

सरांनी चष्मा लावून नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"छान आलाय."

सारंगची छाती फुगली.

"तिचा," सर म्हणाले. "तुझा कुठाय?"

सारंगनं कॅमेरा ओढून घेतला आणि आत निघून गेला. दुपारी तो जेवला नाही.

सर जेवले, आणि रोजच्यासारखे मागल्या अंगणात फणसाखाली खाट टाकून झोपले.

सारंग खिडकीतून बघत होता. रागानं त्याचं डोकं भणभणत होतं. त्यानं नुसतंच काहीतरी करायचं म्हणून बाजूला पडलेली दुसरी लेन्स लावली, हिच्यात डाग येतो का बघायला खाटेकडं कॅमेरा धरला आणि बटण दाबलं. डाग आला नाही. एवढंच पाहून त्यानं कॅमेरा बंद केला.

मिथिला आली ती दुसऱ्या दिवशी, ऊन डोक्यावर आलेलं असताना.

सारंग पुढल्या दारी लेन्स पुसत होता. पायवाटेनं येणारी ती त्याला लांबूनच ओळखू आली. त्यानं खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. अगदी काळ्या काचांचा होता तो.

"दादा! तू इथं?"

"आलो होतो सहज. अभिनंदन, बरं का."

"कसलं अभिनंदन..."

ती पायरीवर बसली. सर आतून पंच्याला हात पुसत बाहेर आले. तिनं वाकून नमस्कार केला आणि तशीच बोलायला लागली.

"सर, फोटो काढून टाकला त्यांनी."

"कुणी?"

"समितीनं. प्रदर्शन सुरू झालं आणि कुणाचा तरी फोन गेला त्यांना. म्हणे, फोटो खरा नाही, कॉम्प्युटरवर झाडं रंगवलीत. नाव सांगितलं नाही त्यानं. पण बाकीच्यांनीही री ओढली, झाडं कधी पांढरी असतात का म्हणून. चौकशी होईतो फोटो उतरवला. मला कळवलंसुद्धा नाही, सर. मी आईला घेऊन गेले होते दाखवायला. साडी नवी नेसून आली होती ती. आणि भिंतीवर नुसता खिळा."

सर ऐकत होते.

तो फोन सारंगनं केला होता. केला, तेव्हा त्याचा स्वतःचा कॅमेरा काच बदलायला कारागिराकडं गेलेला होता.

"अरेरे," सारंग म्हणाला. "काय एकेक माणसं असतात."

त्याच्या आवाजात दुःख होतं. तोंडाचे कोपरे खाली वळले होते. त्यानं मानही हलवली.

"सर, तुम्ही एक शब्द सांगा ना त्यांना," मिथिला म्हणाली. "मूळ फाइल आहे माझ्याकडं. ती बघायलासुद्धा कुणी तयार नाही. तुमचं ऐकतील."

"सांगतो." सर सारंगकडं वळले. "तुझा कॅमेरा दे जरा."

"कशाला, सर?"

"दे तर. माझे दोघे विद्यार्थी किती दिवसांनी एका जागी सापडलेत. बस तिच्या शेजारी."

सारंग बसला. मध्ये हातभर अंतर ठेवून बसला.

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही. पोटाशी धरून पडद्यात बघत राहिले. मिथिला ओढणीनं गळ्याचा घाम टिपत होती.

"मग, मिथिला, आई काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली, सर. त्या खिळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, चल, गाडी चुकेल."

सारंगनं तिच्याकडं मान वळवली.

बटण दाबल्याचा आवाज झाला.

सर त्याच्यापाशी आले आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला.

"फोकस बरोबर आलाय का, बघ."

सारंगनं पाहिलं.

मागची झाडं पांढरी होती. पायरी करडी. मिथिलाचा चेहरा मेणासारखा, खाली वळलेला. तिच्या शेजारी तो स्वतः. तोंड दुःखी.

पण गॉगल काळा नव्हता. त्याच्या नुसत्या काड्या आणि कडा दिसत होत्या. काचा पाण्यासारख्या आरपार. ज्या उजेडात हा कॅमेरा बघत होता, तो त्या काळ्या काचांनी अडवलाच नव्हता.

आणि काचांमागं त्याचे डोळे होते. मिथिलावर रोखलेले. बारीक झालेले, कडांना सुरकुत्या पडलेले... हसत होते ते.



त्यानं सरांकडं पाहिलं. सर ऐरणीसारखे स्थिर उभे होते.

"पुसू का, सर?" तो हलक्या आवाजात म्हणाला.

"तुझा कॅमेरा आहे."

सारंगनं पुसायचं बटण दाबलं. नक्की पुसायचा का, असं कॅमेऱ्यानं विचारलं. अंगठा तिथं थांबला.

"दाखव ना, दादा," मिथिलानं हात पुढं केला. "कसा आलाय?"

अंगठा हलला नाही.

"बरा नसेल आला तर राहू दे," ती म्हणाली.

...

सारंगनं 'नाही' दाबलं आणि कॅमेरा तिच्या हातात दिला. गॉगल काढला आणि मांडीवर ठेवला.

मिथिलानं फोटो पाहिला. आधी तिला काही कळलं नाही. मग तिनं तो मोठा केला.

"दादा... तू हसतोयस?"

सारंगनं गॉगलची काडी मिटली.

"मी आईचं सांगत होते तेव्हा."

"फोन मी केला होता," सारंग म्हणाला. "समितीला."

अंगणात कावळा ओरडत होता.

"तुला माहीत होतं," मिथिला अखेर म्हणाली. "तो खरा आहे, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"माझा निवडला नव्हता."

"एवढंच?"

"तुला कॅमेरा मी धरायला शिकवला, आणि सर... सर तुझा फोटो बघून 'हा तुझा' म्हणाले होते, आठवतं? माझ्या एकाही फोटोला ते तसं म्हणाले नाहीत. इतक्या वर्षांत."

मिथिला रडली नाही. ओरडलीही नाही. तिचा अंगठा कॅमेऱ्याच्या बटणावर पडला होता. तिनं तो दाबला. मागचा फोटो आला. आणखी दाबला. त्याच्याकडं बघायचं नव्हतं म्हणून ती फोटो बघत होती, असं वाटलं.

फणसाखालच्या फोटोवर ती थांबली.

खाटेवर सर झोपलेले. एक हात खाली लोंबकळणारा, तोंड जरासं उघडं. वर फणसाची सगळी पानं पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी, आणि त्यांच्या खाली तो म्हातारा माणूस लहान मुलासारखा निर्धास्त.

ती त्या फोटोकडं फार वेळ बघत राहिली.

"हा चांगला आहे," ती म्हणाली. "हा मला जमला नसता. माझ्या फोटोत माणूस आला की मरतो."

तिनं कॅमेरा पायरीवर ठेवला. पर्स खांद्याला लावली.

"मिथिला, थांब. मी आत्ता फोन करतो त्यांना. तुझ्यादेखत करतो."

"कर. माझ्यादेखत कशाला?"

"आणि तुझ्या आईला..."

"आईचं नाव घेऊ नकोस तू."

ती सरांच्या पाया पडली. सारंगकडं न बघता फाटकाबाहेर गेली. जाताना दादा म्हणाली नाही.

सारंगनं फोन केला. समितीतल्या ज्या माणसाशी तो आधी बोलला होता, त्यालाच. या वेळी नाव सांगितलं, स्टुडिओचंही सांगितलं. फोटो खरा आहे, मी खोटं बोललो, असं म्हणाला. पलीकडचा माणूस आधी गप्प झाला, मग बराच वेळ बोलला. सारंग "हो" म्हणत राहिला. "बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिला. त्याचे कान तापून लाल झाले.

फोन ठेवून तो पडवीत आला. सर भिंतीला टेकून बसले होते.

"लावणार आहेत पुन्हा. उद्याच लावतील."

"बरं."

"माझं नाव सगळ्यांना सांगणार म्हणाले. पुढं माझा एकही फोटो घेणार नाहीत."

"बरं."

"झालं, सर. जे करायचं ते केलं."

सर सुपारी कातरायला लागले.

"करायला हवं होतं तेच केलं ना?"

अडकित्ता थांबला.

सारंग खांबाला टेकून खाली बसला. उन्हात फाटकापर्यंतची वाट ओस पडली होती.

"ती फणसाखालचा फोटो चांगला आहे म्हणाली," तो म्हणाला.

"ऐकलं मी."

"मी तिचं एवढं वाईट केलं, आणि ती म्हणाली, चांगला आहे."

"हं."

"सर..."

"बोल."

"ती तसं म्हणाली ना, तेव्हा मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी..." त्याचा आवाज फुटला. "त्याच्या आधी मी जळलो, सर. तिला इतकं चांगलं वागता येतं, म्हणून जळलो. आत्ताही जळतोय. फोन केला तरी जळतोय. हे जातच नाहीये."

सरांनी अडकित्ता बाजूला ठेवला.

मग गुडघ्यावर हात टेकून उठले. खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली, वहाणा पायात सरकवल्या आणि भर उन्हात अंगणात उतरले.

सारंगनं घाईघाईनं कॅमेरा उचलला.

"तो राहू दे," सर म्हणाले. "चल. आत्ता बोललास ते तुझं. तिथून सुरुवात करू."